अक्काला पाठवलेल्या वह्या

बाहीचा कागद मी सहज उचलला होता. शिवणक्लासात असे कागद ढिगानं असतात. पाठ, बाही, गळा अशा आकारांत कापलेले, कापडावर ठेवून बेतायचे. पण हा हातात आल्याबरोबर बोटांना कळलं, की हा दुकानातला ब्राउन पेपर नव्हे. जाड होता, किंचित खरखरीत, सुती चिंध्यांच्या लगद्यापासून केलेला. मी तो उजेडाकडं धरला. एका सरळ कडेला ओळीनं चार बारीक भोकं होती.

"मावशी, जपून हां," समोर कात्री घेऊन बसलेली मुलगी म्हणाली. "मगदूम काकूंचा ठेवणीतला आहे तो. कितीजणी शिकून गेल्या त्याच्यावर, अजून कड दुमडली नाही."

ती भोकं मी पाडली होती. पुण्याला, माझ्या टेबलावर, पट्टीनं खुणा करून, टोच्यानं एकेक.

मी तो खाली ठेवला आणि दुसरा उचलला. पाठीचा भाग. याच्या मधोमध घडीची रेघ होती आणि रेघेवर भोकांची वेगळी रचना. तिसऱ्याच्या एका भोकात मेण लावलेल्या दोऱ्याचा तंतू अडकून राहिला होता. हळदी रंगाचा. तो दोरा मी एका वर्षी मुद्दाम रंगवून घेतला होता, अक्काला हळदी रंग आवडतो म्हणून.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, रत्नप्रभा; क्लासातल्या मुलींची मगदूम काकू. सांगली जिल्ह्यातल्या आष्ट्याला तिचं सासर. पुढं दाजींची पिठाची गिरणी, मागं घर, आणि पडवीत अक्काचा क्लास. मी पुण्यात हातानं वह्या बांधते. चित्रं काढणाऱ्यांसाठी कोऱ्या वह्या, स्केचबुकं. दर दिवाळीला त्यातली एक खास अक्कासाठी करायची आणि पार्सलनं पाठवायची, असा माझा नेम होता. दरवर्षी बांधणी नवी. पहिली साधी, जुजं शिवलेली. जुज म्हणजे एकात एक घातलेल्या, मधे दुमडलेल्या कागदांची गड्डी. मग जपानी पद्धतीची, कडेला चार भोकं पाडून बाहेरून शिवलेली. एकदा पंख्यासारखी उलगडणारी, सगळी मिळून एकच लांब घड्यांचा कागद. एकदा कॉप्टिक टाक्याची, जिची पाठ उघडी असते आणि टाके वेणीसारखे दिसतात. आम्ही जैन. अक्का घरात चामडं येऊ देत नाही, आणि सरस जनावरांच्या हाडा-कातड्यांपासून करतात हे तिला ठाऊक होतं. म्हणून तिच्या वह्यांना इचलकरंजीचं जाड कापड आणि गव्हाच्या पिठाची खळ, दुसरं काही नाही.

पार्सल पोचलं, की ती फोन करायची. मग दोनचार महिन्यांनी मी विचारायची, काय काढलंस. ती सांगायची. परसातला शेवगा काढला, शेंगा लागलेला. गिरणीच्या दारात बसलेल्या म्हाताऱ्या काढल्या, डबे मांडीवर घेऊन. इतकं बारीक सांगायची, की मला ती पानं दिसायची. बघायला मागितली तर म्हणायची, येशील तेव्हा बघ. मी गेले, की वह्या नेमक्या कुणी तरी बघायला नेलेल्या असायच्या. मला त्यात काही खटकलं नाही. खटकावं असं मला वाटतच नव्हतं.

त्या वर्षी पुण्यात हातबांधणीच्या वह्यांचं प्रदर्शन होतं. मला एक टेबल मिळालं होतं, आणि कल्पना माझीच होती: एका बाजूला मी शिवलेल्या कोऱ्या वह्या, दुसऱ्या बाजूला त्याच वह्या, माझ्या बहिणीनं चित्रांनी भरलेल्या. आयोजकांना ती फार आवडली. निमंत्रणपत्रिकेवर माझ्या नावाखाली अक्काचं नाव छापलं गेलं. मी फोन करून वह्या मागितल्या. अक्का आधी बरं म्हणाली. मग म्हणाली, कुरिअरवर भरवसा नाही. मग म्हणाली, घराला रंग काढलाय, सामान हलवलंय. मग तिनं फोन घ्यायचं बंद केलं. प्रदर्शन पुढच्या आठवड्यावर आलं, तेव्हा मी न सांगता एसटीत बसले.

दाजींनी दार उघडलं, भुवयांवर पीठ घेऊन. अक्का बस्तीत गेलीय, येईलच, म्हणाले. बस्ती म्हणजे आमचं जैन मंदिर. मी पडवीत मुलींजवळ बसले आणि बाहीचा तो कागद उचलला.

अक्का आली तेव्हा माझ्या मांडीवर असे पाचसात कागद होते. ती उंबऱ्यात थांबली. आधी तिनं माझ्याकडं बघितलं, मग मांडीकडं.  मुलींना म्हणाली, आज एवढंच, उद्या या. आणि मला म्हणाली, "जेवली नसशील."

जेवताना दाजीच बोलत होते. पुण्यातला उन्हाळा, गिरणीचा नवा पट्टा, गव्हाचा भाव. त्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं हे मला तेव्हाच कळलं. ते गिरणीत गेल्यावर मी पिशवीतून निमंत्रणपत्रिका काढून तिच्यासमोर ठेवली. तिनं स्वतःचं नाव वाचलं. पत्रिका उलटी करून जमिनीवर ठेवली आणि आत गेली. परत आली ती पत्र्याची ट्रंक ओढत.

आत माझ्या वह्या होत्या. म्हणजे वह्यांची पुठ्ठ्याची अंगं होती, कापड जसंच्या तसं, आणि आत काही नव्हतं. पंख्याच्या वहीची दोन्ही फळकुटं नुसती एकमेकांवर ठेवलेली. टाके तिनं कुठंही कापले नव्हते. उसवले होते, शिवणारी बाई उसवते तसे, आणि उसवलेला दोरा जुन्या पत्रिकांच्या तुकड्यांवर गुंडाळून ठेवला होता.

"एक तरी भरलीस?" मी विचारलं.

"नाही."

"शेवगा? त्या डबेवाल्या म्हाताऱ्या?"

"नव्हतं काढलं काही. तू विचारायचीस, मी सांगायची."

मग ती हळूहळू सांगत गेली, माझ्याकडं न बघता. पहिली वही आली तेव्हा ती खरंच काढायला बसली होती. सकाळचं काम आवरून, दार लावून. पेन्सिल टेकवली आणि हात पुढं जाईना. कागद इतका चांगला होता, की त्यावर चुकायचं कसं हे कळेना. वही तिनं कपाटात ठेवली, नंतर काढू म्हणून. तोवर दुसरी आली. दिवाळी जवळ आली, की झालं. फराळ करताना लक्ष रस्त्याकडं, पार्सलवाला येतोय का. आणि माझा फोन आला, की ती आधी पाणी पिऊन घ्यायची. मग एके वर्षी क्लासमधल्या एका मुलीचा पाठीचा कागद ऐन परीक्षेच्या आधी फाटला, आणि हिनं घाईघाईनं एका वहीतलं एक पान सोडवून दिलं.

"तुझा कागद फाटत नाही गं," ती म्हणाली. "इतका बरा बेततो. मग दुसरं पान घेतलं. मग मला वाटलं, पडून राहण्यापेक्षा कुणाच्या तरी कामाला येतोय. पण तुला सांगायचं धाडस होईना."

मला राग आला होता, आणि तो वह्यांचा नव्हता. तो कशाचा होता हे सांगायचं तर कुरुंदवाडला जावं लागेल, आमच्या माहेरी.

लहानपणी आम्ही दोघी चित्रं काढायचो. मी बरी काढायची, अक्का फार छान काढायची. इंटरमीजिएटच्या परीक्षेत तिला ए ग्रेड मिळाली तेव्हा शाळेतले हुल्ले सर पेढे घेऊन घरी आले, आणि हिला कोल्हापूरला चित्रकलेच्या कॉलेजात घालाच म्हणून आण्णांच्या मागं लागले. आण्णा म्हणजे आमचे वडील. ते तयारही झाले. त्याच वर्षी आईला अर्धांगवायूचा झटका आला, डावी बाजू गेली. अक्का म्हणाली, मी जात नाही, आईजवळ कोण. ती घरी राहिली. आईला उठवणं, बसवणं, अंघोळ, घास भरवणं, सगळं तिनं केलं. चार वर्षांनी माझी दहावी झाली, पुढं बारावी, आणि अक्कानंच आण्णांना सांगितलं, शैलाला पाठवा. मी पुण्याला गेले. तिथं पहिल्याच वर्षी मला कळलं, की माझा हात साधारण आहे. चित्रांपेक्षा मला कागदच आवडायला लागला. कॉलेजच्या बांधणीच्या खोलीत टाके शिकले आणि त्यावरच जगले. आई आणखी बरीच वर्षं अंथरुणावर होती. ती गेल्यावर मग अक्काचं लग्न झालं, तिशी उलटून गेल्यावर.

हे सगळं माझ्या मनात कायम असायचं. त्या दुपारी ते तोंडून गेलं.

"अक्का, मी तुझ्या जागेवर गेले," मी म्हणाले. "ती जागा तुझी होती. तू आईपायी राहिलीस आणि मी गेले, आणि जाऊन चित्रं सोडून वह्या शिवत बसले. निदान त्या वह्यांत तू काढावंस, एवढंच मला हवं होतं. आणि तू त्याच्या बाह्या कापल्यास."

अक्कानं ट्रंकेतलं एक रिकामं अंग उचललं, परत ठेवलं. गिरणी सुरू होती, भिंत हलकी थरथरत होती.

"म्हणून पाठवत होतीस होय," ती म्हणाली. आणि ट्रंक तशीच उघडी टाकून स्वयंपाकघरात गेली.

दिवस मावळायच्या आत आम्ही जेवलो, आमच्यातली रीत म्हणून. नंतर ती लवकर निजली, किंवा निजल्यासारखी पडून राहिली. मी सकाळच्या गाडीनं जायचं ठरवलं.

सकाळी उठून बघते तर अक्का पडवीत बसली होती. पुढ्यात वह्यांची मोकळी अंगं मांडलेली, आणि शेजारी न कापलेल्या कागदांची गड्डी. तिनं सगळे कागद वापरले नव्हते. बरेच तसेच होते. एका भांड्यात खळ शिजवून ठेवली होती, गिरणीतल्या ताज्या पिठाची.

"जायच्या आधी मला एक तरी पुन्हा शिवायला शिकव," ती म्हणाली. "मी काढू शकले नाही. निदान उसवलेलं नीट करते."

मी म्हणाले, गरज नाही अक्का, राहू दे. ती ऐकेना. म्हणाली, गाडी दुपारचीही आहे. मला तिच्या चेहऱ्याकडं बघवेना, म्हणून मी खाली बसले.

उघड्या पाठीची वही घेतली. कागद दुमडून, हाडाच्या पट्टीऐवजी कात्रीच्या मुठीनं घड्या दाबून, चारचार पानं एकात एक घालून जुजं केली. भोकं जुनीच होती, ती जुळवून घेतली. सुई खालच्या फळकुटातून वर आणायची, पहिल्या जुजात शिरायची, बाहेर पडायचं, आणि मागच्या टाक्याच्या खालून वळसा घालून पुढच्या जुजात. मी दोन जुजं शिवून दाखवली.

"हा तर साखळीटाका," अक्का म्हणाली. तिनं वही माझ्या हातातून घेतली आणि माझ्यापेक्षा सफाईनं तिसरं जुज बसवलं. दोरा ओढताना तिनं कागद चिरू दिला नाही. चौथं लावता लावता, मान खाली घालूनच, ती बोलायला लागली.

"शैले, कोल्हापूरला मी परीक्षेला गेले होते ते तुला आठवतं का?"

मला आठवत होतं. प्रवेशाची परीक्षा. आण्णा तिला घेऊन गेले होते. आईला झटका येऊन तेव्हा महिनाभर झाला होता.

"आत्या यायला तयार होती," अक्का म्हणाली. "हे तुला ठाऊक नाही. तिनं आण्णांना सांगितलं होतं, पोरीला जाऊ दे, वहिनीचं मी बघते. तिनं ट्रंकसुद्धा भरून ठेवली होती. आण्णा मला म्हणाले होते, तू काळजी करू नको. मला कुणी अडवलं नव्हतं."

मी हातातली कात्री खाली ठेवली.

ती सांगत गेली. परीक्षेच्या खोलीत मधोमध टेबलावर तांब्याची घागर ठेवली होती, खाली चुरगळलेलं कापड. सगळ्यांनी ती काढायची. शेजारच्या मुलानं बसल्याबसल्या, कागदावर दोन रेघा ओढल्या, आणि घागर उभी राहिली. अक्कानं आपला कागद बघितला. कुरुंदवाडात तिच्यासारखं कुणी नव्हतं. त्या खोलीत सगळेच तिच्यासारखे होते, आणि बरेच तिच्यापेक्षा वरचे. तिनं वेळ संपेपर्यंत पेन्सिल नुसती हातात धरली. कोरा कागद देऊन बाहेर आली. आण्णा झाडाखाली बसले होते. त्यांनी विचारलं, कसं झालं. ती म्हणाली, छान झालं.

"आणि परतीच्या गाडीत मी त्यांना म्हटलं, मी नाही जात. आईला मीच हवी, आत्याला जमायचं नाही. आण्णा भर गाडीत रडले. त्यांनी गावभर सांगितलं, माझ्या पोरीनं आईसाठी शिक्षण सोडलं. हुल्ले सर येऊन माझ्या पाया पडायला निघाले होते. मी म्हटलं, नको सर. एवढंच म्हटलं."

"पण तू केलंस की सगळं," मी म्हणाले. "इतकी वर्षं आईचं तूच केलंस. ते तर खोटं नव्हतं."

"केलं," अक्का म्हणाली. "केलं म्हणूनच तर कुणी काही विचारलं नाही."

तिचा हात चालूच होता. सुई आत, बाहेर, वळसा. मग थांबला.

"रोज अंघोळ घालताना आई म्हणायची, माझ्यामुळं तुझं राहिलं. रोज. बोलता यायचं नाही तिला धड, तरी तेवढं म्हणायची. आणि मी तिच्या पाठीवर पाणी ओतत राहायची. एकदा म्हणावं वाटलं, आई, तुझ्यामुळं नाही गं, मीच भ्याले. वाटलं, आज नको, उद्या सांगू. शेवटी तर ती हात जोडायला बघायची. एकच हात उचलायचा, तो दुसऱ्यावर आणून ठेवायची. माझी माफी मागायची ती, शैले. आणि मी मागू दिली."

तिनं वही मांडीवर ठेवली. रडली नाही. तोंड कोरडं पडल्यासारखं ओठांवरून जीभ फिरवली.

"तुझी वही आली, की मला आईच हात जोडतेय असं वाटायचं," ती म्हणाली. "तू आणि आई, दोघींनी मला देवीच करून ठेवलं. देवीनं बोलायचं नसतं."

 तिच्यावर रागवावं असं त्यात होतं. मला पुण्याला पाठवलं ते तिनं, हेही होतं. पण मला समोर फक्त एक पन्नाशीकडं झुकलेली बाई दिसत होती, जिच्या मांडीवर कोरी वही होती आणि जी माझ्याकडं बघत होती, आई समोर असती तर तिच्याकडं जसं बघितलं असतं तसं. मी आईच्या जागी नव्हते. मी माफ करून भागणार नव्हतं.

तेव्हा मी म्हणाले, "आईला ठाऊक होतं."

तिनं मांडीवरच्या वहीतली सुई धरली.

"शेवटच्या दिवसांत मी आले होते ना," मी म्हणाले. "तू बस्तीत गेली होतीस एका सकाळी. मी एकटीच होते तिच्याजवळ. तेव्हा तिनं मला सांगितलं. आत्यानं तिला कधीच सांगून टाकलं होतं, की मी यायला तयार होते म्हणून."

"काय म्हणाली आई?"

मला थांबून चालणार नव्हतं. मी आईसारखं बोलले, ती बोलायची तसं, अडखळत, कुरुंदवाडच्या बोलीत.

"म्हणाली, रत्नी भ्याली हुती. मला ठावं हाय. तिला कायबी म्हणू नगं."

अक्काचा हात सुईवरच राहिला. मग तिच्या चेहऱ्यावर काही तरी हललं, आणि मला वाटलं सुटलो आम्ही. पण तिनं विचारलं, "मग ती माझी वाट बघत होती. मी सांगेन म्हणून. ठाऊक असून माफी मागायची म्हणजे दुसरं काय?"

खोटं बोलणाऱ्याला पुढचं पाऊल टाकावंच लागतं. मी टाकलं.

"नाही," मी म्हणाले. "ती म्हणाली, मला तरी ती जवळच हवी हुती. आत्या आलेली तिलाच नको होती, अक्का. तू भ्यालीस, तिचं बरंच झालं. तिनंही तुला जा म्हटलं नाही. माफी ती त्याची मागत होती."

अक्का तेव्हा रडली. आवाज न करता, वही बाजूला सरकवून, कागदावर पाणी पडू नये म्हणून. दाजी आतून आले, तिला बघून दारातच थांबले, माझ्याकडं बघितलं, आणि मी मान हलवल्यावर परत गेले. गिरणी त्या दिवशी त्यांनी उशिरा सुरू केली.

ती वही अक्कानं एकटीनं पुरी केली. मग दुसरी घेतली. मी दुपारच्या गाडीनं निघाले तेव्हा तिनं मला स्टँडवर पोचवलं, आणि गाडी हलेपर्यंत खिडकीच्या गजाला हात लावून उभी राहिली. बऱ्याच वर्षांनी तिनं मला विचारलं, पुन्हा कधी येशील.

प्रदर्शनात मी माझ्या कोऱ्या वह्याच मांडल्या. पत्रिका वाटल्या गेल्या होत्या, अक्काचं नाव पुसता येणार नव्हतं. बहीण आजारी पडली, असं मी आयोजकांना सांगितलं. लोक विचारायचे, त्या भरलेल्या कुठं आहेत. मी तेच सांगायची.

पुढं अक्का स्वतः वह्या बांधायला लागली. क्लासमधल्या मुलींनाही तिनं टाके शिकवले, आणि आष्ट्याहून वह्यांची खोकी माझ्याकडं पुण्यात विक्रीला यायला लागली. तिच्या वह्या माझ्या वह्यांपेक्षा सरळ असतात. मापाला तिचा हात पक्का आहे. चित्र तिनं काढलं नाही, आणि मी पुन्हा कधी विचारलं नाही. ती बदलली मात्र. हसायला लागली, पोटभर. फोनवर माझ्याआधी तीच बोलायला लागली. दाजी एकदा मला म्हणाले, तुम्ही तिला काय सांगितलंत ते मला ठाऊक नाही, पण बरं केलंत.

आईच्या शेवटच्या दिवसांत मी कुरुंदवाडला होते, हे खरं आहे. अक्का एका सकाळी बस्तीत गेली होती आणि मी आईजवळ एकटीच होते, हेही खरं. आई माझ्याशी बोललीही होती. तिला शब्द जुळवायला वेळ लागत होता, म्हणून मी कान तिच्या तोंडाशी नेला होता. ती म्हणाली, "शैले, रत्नीचं आयुष्य मी खाल्लं. तिला चित्र सोडू देऊ नगं." तिच्या डोळ्यांच्या कडेनं पाणी कानात जात होतं, ते मी पदरानं टिपलं. दुसऱ्या दिवशी ती गेली. आत्यानं तिला काहीही सांगितलं नव्हतं. आईच्या त्या शब्दांखातर मी वह्या शिवत होते, दर दिवाळीला.

हे ऐकणारी मी एकटी होते, आणि ते मी कुणाला सांगितलेलं नाही. एकेकदा आईचा फोटो पुसताना मला तिच्याकडं बघवत नाही. तिनं जे जन्मभर सोसलं, ते तिनं सोसलंच नाही असं मी तिच्याच तोंडून वदवलं.

अक्का आता सत्तरीच्या पुढं आहे. दाजी गेले. थंडीत महिनाभर ती माझ्याकडं पुण्याला येऊन राहते. दुपारची जेवणं झाली, की आम्ही दोघी टेबलाशी बसतो. ती जुजं दुमडते, मी शिवते. आणि मधेच कधी तरी, काहीही निमित्त नसताना, ती म्हणते, "शैले, आई काय म्हणाली होती ते सांग की एकदा."

मी सांगते. त्याच शब्दांत सांगावं लागतं. परवा सांगताना माझी चूक झाली. "रत्नी घाबरली हुती," मी म्हणाले.

अक्कानं कागदावरून मान वर केली. "घाबरली नव्हे गं," ती म्हणाली. "भ्याली हुती, असं म्हणाली होती आई. तूच सांगितलं होतंस."

"होय," मी म्हणाले. "भ्याली हुती, असंच म्हणाली होती."